डेंग्यूनंतरची ‘अशक्ती’ : बडोद्यातल्या एका रुग्णाचं प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण 56 वर्षांच्या गृहिणी. दांडिया बाजारच्या मागच्या बाजूला जुन्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर राहतात. तीन पिढ्या बडोद्यात गेलेल्या. घरात मराठी, बाहेर गुजराती आणि चिडल्या की दोन्ही. माझ्या वडिलांच्या काळापासून हे घर आमच्याच दवाखान्यात येतं, त्यामुळे त्या मला अजून ‘अरे’ म्हणतात आणि मी त्यांना काकू. इथेही काकूच म्हणतो. त्यांच्या आणि मुलाच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदललेत, आजाराचा क्रम मात्र घडला तसाच ठेवलाय.

2025 चा सप्टेंबर. गणपती विसर्जनाला आठवडा होत आला आणि काकूंना ताप आला, 103 पर्यंत. डोळ्यांच्या मागे ठणका आणि अंगात ‘कळतर’. इथले मराठी लोकही अंगदुखीला हाच शब्द वापरतात. तिसऱ्या दिवशी डेंग्यूची एनएस1 चाचणी पॉझिटिव्ह आली. ताप पाचव्या दिवशी उतरला. प्लेटलेट सहाव्या दिवशी 62,000 पर्यंत खाली गेल्या आणि नवव्या दिवशी 1,28,000 झाल्या. रक्तस्राव नाही, पोटदुखी नाही, उलट्या नाहीत, हिमॅटोक्रिट (रक्त किती घट्ट झालंय ते सांगणारा आकडा) जागच्या जागी. घरीच बऱ्या होतील असं मी सांगितलं आणि तशा त्या झाल्याही. पपईच्या पानांचा रस, किवी आणि ड्रॅगन फ्रूट (आमच्या सरकारने 2021 मध्ये त्याचं ‘कमलम’ असं बारसं केलंय) हे सगळं घरात यथासांग चालू होतं. मी लिहून दिलेलं नव्हतं, आणि अडवलंही नाही.

दहाव्या दिवशी सर्वपित्री अमावास्या. काकू पहाटे पाचपासून ओट्याशी उभ्या होत्या. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं स्वतः केलं. हा दिवस मुद्दाम नोंदवतो, कारण पुढच्या चार दिवसांत जे जे झालं ते सगळ्यांनी, मीही, याच स्वयंपाकाच्या खात्यावर टाकलं.

अडचण कशी पुढे आली

बाराव्या दिवशी दोन्ही तळव्यांना मुंग्या आल्या आणि पाठ दुखू लागली. तेराव्या दिवशी मुलाचा फोन आला. “साहेब, ताप नाहीये, पण आईला फार अशक्ती आहे.” मी म्हणालो, डेंग्यूनंतर दोन-तीन आठवडे असं चालतंच, पाणी भरपूर, आराम, आणि एक बी-कॉम्प्लेक्स सुरू करा. दोन मिनिटांच्या आत फोन संपला. दवाखान्यात तेव्हा तापाचेच पंधरा-वीस पेशंट बसले होते.

‘अशक्ती’ या शब्दावर थोडं थांबायला हवं. बडोद्याच्या मराठीत तो गुजरातीतून आलाय आणि त्यात काहीही मावतं : थकवा, चक्कर, जेवण न जाणं, कशातच मन न लागणं, आणि पायातला जोरच जाणं. शुद्ध मराठीतला ‘अशक्तपणा’ काही वेगळा नाही. हिंदीतली ‘कमजोरी’ आणि दवाखान्यातला ‘वीकनेस’ही तसेच. मुलगा यातला शेवटचा अर्थ सांगत होता, मी पहिला ऐकला. थकलेला माणूस जिना चढतो आणि वर जाऊन धापा टाकत बसतो. ज्याच्या स्नायूतला जोर गेलाय त्याचा पाय पहिल्या पायरीवरच उचलला जात नाही. हा फरक फोनवर एका प्रश्नात कळतो. तो प्रश्न मी विचारला नाही.

चौदाव्या दिवशी काकूंच्या मुलीचा पुण्याहून फोन. ती सिंहगड रस्त्याला राहते. जानेवारी 2025 मध्ये त्याच भागात जीबीएसची, म्हणजे हातपाय लुळे पाडणाऱ्या नसांच्या आजाराची, साथ आली होती, 200 हून अधिक संशयित रुग्ण झाले होते, आणि तिच्या सोसायटीत तेव्हा महिनोन्महिने पाणी उकळून पिणं चाललं होतं. तिने सरळ विचारलं, “आईला जीबीएस तर नसेल ना?”

माझं उत्तर मला शब्दशः आठवतं. “अगं, ते दूषित पाण्याने होतं. आईला डेंग्यू झालाय.”

हे उत्तर चूक होतं, आणि ते चूक आहे हे मला माहीत असायला हवं होतं. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हा कुठल्या एका जंतूचा आजार नाही. एखादा संसर्ग होऊन गेल्यावर शरीराची प्रतिकारयंत्रणा आपल्याच नसांवर, बहुतेक वेळा नसांच्या वरच्या मायलिनच्या आवरणावर, उलटते. साधारण दोन तृतीयांश रुग्णांना आधीच्या सहा आठवड्यांत काहीतरी संसर्ग झालेला असतो. त्यात कॅम्पायलोबॅक्टर या जुलाबाच्या जंतूचा नंबर पहिला. पुण्यात बोट पाण्याकडे गेलं ते त्यामुळे. पण डासांमधून येणारे डेंग्यू, चिकुनगुन्या आणि झिकाही याच यादीत आहेत. 2013-14 मध्ये फ्रेंच पॉलिनेशियात झिकाची साथ आली तेव्हा तेवढ्याशा बेटांवर जीबीएसचे 42 रुग्ण सापडले आणि झिकाचा संबंध जगाच्या लक्षात आला. हे सगळं मी वाचलेलं होतं. पुण्याच्या बातम्यांनी मात्र डोक्यात ‘जीबीएस म्हणजे पाणी’ असं समीकरण इतकं पक्कं बसवलं होतं की एका सामान्य माणसाने अचूक शंका काढली आणि डॉक्टरने ती खोडून काढली.

माझ्या बाजूने एवढंच म्हणता येईल की जीबीएस मुळातच वर्षाला लाखात एक-दोन जणांना होतो. डेंग्यूचे रुग्ण हजारोंनी येतात, त्यातल्या फारच थोड्यांच्या नसांना किंवा मेंदूला त्रास होतो. फॅमिली डॉक्टरला असा रुग्ण आयुष्यात एखादा भेटतो.

पंधराव्या दिवशी, नवरात्राच्या पाचव्या संध्याकाळी, सुनेचा फोन आला. सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कडेने ओघळलं होतं. दुपारी जिन्यात डाव्या पायातली चप्पल गळून पडली होती. पण हे सगळं तिने नंतर सांगितलं. पहिलं वाक्य होतं, “आई झोपाळ्यावर बसल्यात, पण झोपाळा हलत नाहीये.”

त्या घराचा झोपाळा मी लहानपणापासून पाहिलेला. शिसवी पाट, पितळी कड्या, आणि काकू बसल्या की त्यांच्या उजव्या पायाचा अंगठा दर दोन सेकंदांनी फरशीला लागणार. भाजी निवडताना, फोनवर बोलताना, टीव्ही बघताना. बसलेल्या असताना तो झोपाळा थांबलेला मला आठवत नाही. मी दवाखाना अर्ध्यावर सोडून निघालो.

घरी तपासलं तेव्हा हाताचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उठता येत नव्हतं. टाचांवर उभं राहणं जमेना. गुडघ्यावर हातोडी मारली, काही नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून जोरात ओढायला सांगून पुन्हा मारली, तरी काही नाही. घोट्यालाही नाही. टाचणी टोचलेली कळत होती, लघवीची तक्रार नव्हती. डोळे घट्ट मिटायला सांगितले तर पापण्यांचे केस आत जाईनात, दोन्ही बाजूंनी बाहेरच दिसत राहिले. मग एक खोल श्वास घेऊन न थांबता आकडे म्हणायला सांगितले. निरोगी माणूस घाई न करता 50 च्या आसपास जातो. काकू 31 वर थांबल्या, आणि मलाच म्हणाल्या, “अरे, शाळेत घेतोस तशी परीक्षा कसली घेतोस?”

समोरचे पर्याय

घरात तीन मतं होती. शेजारच्या बेन म्हणत होत्या की जवळच्या नर्सिंग होममध्ये नेऊन दोन बाटल्या चढवा, सकाळपर्यंत ताकद येईल. मुलाला दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची न्यूरॉलॉजिस्टची वेळ मिळाली होती. तिसरा पर्याय माझा : आत्ताच, जिथे आयसीयू, व्हेंटिलेटर आणि रात्री हजर असणारा न्यूरॉलॉजिस्ट आहे अशा ठिकाणी.

अकराची वेळ वाईट नव्हती, आणि पाय एवढाच प्रश्न असता तर मीही ती घेतली असती. पण आजाराने चेहराही धरला होता आणि आकडे 31 वर आले होते. जीबीएसमध्ये चार-पाच रुग्णांपैकी एकाला व्हेंटिलेटर लागतो, आणि तो कोणत्या रात्री लागेल हे आधी सांगता येत नाही. शिवाय नवरात्र. नऊनंतर गरब्याच्या मैदानांकडे जाणारे रस्ते तुंबतात, मग 108 सुद्धा रांगेतच उभी. आम्ही साडेआठला निघालो.

निघण्याआधी मनात आणखी तीन शक्यता होत्या. पहिली, पोटॅशियम कमी होऊन येणारा लुळेपणा. डेंग्यूमध्ये तो आपल्याकडे बऱ्यापैकी दिसतो आणि त्यातही हातोडीला प्रतिसाद जातो, पण तो बहुधा ताप असतानाच येतो, काही तासांत वाढतो आणि पोटॅशियम दिलं की एक-दोन दिवसांत उतरतो. इथे ताप जाऊन दहा दिवस झाले होते. तरीही हा तपास पहिला हवा, कारण स्वस्त आहे आणि चुकला तर हृदय थांबू शकतं. दुसरी, स्नायूंचा दाह : त्यात स्नायू दाबल्यावर दुखतात आणि जर्क, म्हणजे हातोडी मारल्यावर बसणारा झटका, सहसा टिकून असतात. तिसरी, मणक्यातल्या मज्जारज्जूचा दाह. त्यात लघवी अडते आणि छातीवर किंवा पोटावर एका रेषेखाली संवेदना जाते. यातलं काही नव्हतं, आणि मज्जारज्जूच्या दुखण्याने चेहरा लुळा पडत नाही.

काय केलं

तातडीच्या विभागात रक्तवायू तपासणीच्या यंत्रावर पाच मिनिटांत पोटॅशियम आलं, 3.9. ती शक्यता तिथेच मिटली. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांना आधी मणक्याचा एमआरआय हवा होता. न्यूरॉलॉजिस्टनी थांबवलं. त्यात पाऊण तास आडवं निजावं लागतं, आणि तोवर आकडे 26 वर आले होते. एमआरआय तिसऱ्या दिवशीवर ढकलला गेला आणि पुढे गरजच पडली नाही.

पाठीतलं पाणी त्याच रात्री काढलं. प्लेटलेट 1,60,000 होत्या, म्हणून ते निर्धास्त करता आलं. डेंग्यूच्या सहाव्या दिवशी हाच निर्णय अवघड झाला असता. अहवाल आला : पेशी 3, प्रथिनं 41. म्हणजे सगळं नॉर्मल. पुस्तकात जीबीएसची खूण म्हणून पेशी वाढलेल्या नाहीत आणि प्रथिनं वाढलेली असं दिलेलं असतं, त्यामुळे मुलगा म्हणाला, “मग जीबीएस नाहीच ना?” पहिल्या आठवड्यात कित्येक रुग्णांची प्रथिनं वाढलेली नसतात. पाणी काढायचं ते मुख्यतः दुसरं काही नाही ना, हे बघायला. पेशी 50 च्या वर गेल्या असत्या तर विचार बदलावा लागला असता. निदान हातोडीने केलं होतं आणि ते तसंच ठेवलं. नसांच्या वहनाची चाचणी दोन दिवसांनी झाली, तिने दुजोरा दिला.

एक आडवळण. 1916 मध्ये दोन फ्रेंच सैनिकांवरून हा आजार मांडला तो तिघांनी : गियाँ, बारे आणि स्ट्रोल. स्ट्रोल यांनी जर्कचं विद्युत-आलेखन केलं होतं, आणि नावातून गळाले तेच. तेराव्या-चौदाव्या दिवशी मीही जर्कच गाळले होते.

उपचारासाठी दोन रस्ते होते : इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडं) शिरेतून देणं, किंवा प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलणं. दोन्हींचा गुण सारखाच. प्लाझ्माचा खर्च अनेक ठिकाणी कमी पडतो, पण मानेत जाड नळी, यंत्र, प्रशिक्षित माणसं लागतात, आणि रक्तदाब वरखाली होणाऱ्या रुग्णाला तो सोसत नाही. काकूंचा वरचा दाब पहिल्याच रात्री 170 आणि 95 यांच्यामध्ये हिंदकळत होता. म्हणून इम्युनोग्लोब्युलिन ठरलं. वजन 62 किलो. दर किलोला रोज 0.4 ग्रॅम, पाच दिवस. म्हणजे 5 ग्रॅमच्या पाच बाटल्या रोज, एकूण 25.

इथे खरा पेच पैशांचा होता. मेडिक्लेमची मंजुरी सकाळशिवाय येणार नव्हती. मुलाने पहिल्या दिवसाच्या पाच बाटल्या स्वतःच्या कार्डावर घेतल्या, त्याही दोन दुकानांतून जमवून, आणि रात्री दोन वाजता औषध सुरू झालं. सकाळपर्यंत थांबलो असतो तर बिघडलं असतं का? बहुधा नाही. औषध पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झालं तर उपयोग होतो आणि आपण तिसऱ्या दिवशीच होतो. पण तो तेव्हा विचारत होता आणि मी ‘घे’ म्हणालो. हा निर्णय मी आजही बदलणार नाही.

औषध सुरू होऊनही काकू खालावत गेल्या. दुसऱ्या रात्री आकडे 12, फुफ्फुसांची क्षमता दर किलोला 15 मिलीलीटर. न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले, नळी घालू या. मुलाने मॉनिटरकडे बोट दाखवलं. “ऑक्सिजन तर 97 आहे, साहेब. मग नळी कशाला?” तो प्रश्न रास्त होता, आणि उत्तर मी माझ्या शब्दांत दिलं : फुफ्फुसं चांगलीच आहेत, भाता ओढणारे हात दमलेत. ऑक्सिजनचा आकडा पडेपर्यंत थांबलो तर नळी घाईत, पहाटे चारला, हृदय डळमळत असताना घालावी लागेल. आता घातली तर शांतपणे होईल. त्याने पाच मिनिटं पुण्याच्या बहिणीशी बोलून सही केली. भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू सैल करणारं औषध वापरलं नाही. लुळ्या स्नायूंमध्ये त्याने पोटॅशियम उसळतं.

अकरा दिवस व्हेंटिलेटर. नळीतून कफ ओढताना एकदा नाडी 38 वर आली, त्यानंतर प्रत्येक वेळी नाडी वाढवणारं अ‍ॅट्रोपिन हाताशी ठेवलं गेलं. दाब 190 झाला तरी लांब काम करणारी औषधं दिली नाहीत, कारण तासाभरात तोच 85 वर यायचा. आणि काकू या सगळ्यात पूर्ण शुद्धीवर होत्या. नातेवाईकांच्या हे लक्षात येत नाही, कधी कधी आयसीयूच्याही येत नाही. सुनेने एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत पाच ओळी लिहिल्या : पाठ दुखते, कूस बदला, कफ आहे, उकडतंय, कोण आलंय. गुजराती सिस्टर ओळीवर बोट ठेवायची, काकू डोळे मिटायच्या. दुसऱ्या दिवशी काकूंच्या नापसंतीमुळे सहावी ओळ वाढवावी लागली : ‘टीव्ही बंद करा.’

या काळात दोन सल्ले बाहेरून आले. एका नातेवाइकांनी स्टिरॉइडचा आग्रह धरला. जीबीएसमध्ये त्याचा उपयोग नाही, आणि तोंडाने दिल्यास सुधारणा लांबू शकते. दुसरा सल्ला इम्युनोग्लोब्युलिनचा आणखी एक कोर्स देण्याचा. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या डच चाचणीत दुसऱ्या कोर्सने फायदा दिसला नव्हता, गंभीर दुष्परिणाम मात्र वाढले होते. तो दिला नाही. प्लाझ्मा बदलायचा म्हटलं तर नुकतंच दिलेलं औषधच वाहून गेलं असतं.

परिणाम

व्हेंटिलेटरच्या दहाव्या दिवशी गळ्याला छिद्र पाडण्याची चर्चा चालू असताना काकूंनी उशीवरून मान उचलली. मानेचे स्नायू आणि श्वासपटल बरेचदा जोडीने सुधारतात, म्हणून चोवीस तास थांबायचं ठरलं, आणि अकराव्या दिवशी नळी निघाली. भरती झाल्यापासून 27 व्या दिवशी घरी. दहा आठवड्यांनी वॉकर, सहा महिन्यांनी घरात आधाराशिवाय चालणं. तोवर निदान दहांत आठ रुग्ण स्वतःच्या पायावर चालू लागतात. दगावणारे शंभरात तीन ते सात. थकवा अजून आहे, खराखुरा थकवा, आणि तो वर्षभरही राहू शकतो.

विषाणू कोणता, हे नक्की करायचा प्रयत्न झाला. डेंग्यूचं आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह, चिकुनगुन्याचं निगेटिव्ह. 2017 मध्ये अहमदाबादेत आणि 2018 मध्ये मध्य प्रदेशात झिका सापडलेला असल्याने लघवीची झिका-तपासणीही पाठवली, निगेटिव्ह. ती उशिरा झाली हे खरं, आणि डेंग्यू-झिकाची प्रतिपिंडं एकमेकांची नक्कल करतात हेही खरं. पण तापाच्या तिसऱ्या दिवशीचा एनएस1 हातात होता, त्यामुळे डेंग्यूनंतरचा जीबीएस हेच निदान कागदावर राहिलं.

आता असा रुग्ण आला तर

तेराव्या दिवशी फोन आला तेव्हाच बोलवायला हवं होतं. ते जमणार नसेल तर निदान तीन प्रश्न : हात न टेकता खुर्चीतून उठता येतं का, पायातली चप्पल पायात राहते का, चूळ भरता येते का. यातल्या एकाचं उत्तर ‘नाही’ आलं तर त्याच दिवशी हातोडी. आता तापाच्या मोसमात ‘अशक्ती’ ऐकली की आमच्या रिसेप्शनवरची मुलगीच हे विचारते. वर्षभरात असे काही जण मी तपासले, सगळ्यांचे जर्क व्यवस्थित होते. हातोडीला अर्धं मिनिट लागतं.

पुण्याच्या लेकीला मी नंतर फोन केला आणि चुकलो म्हणालो. ती म्हणाली, “काका, तुम्ही नाही म्हणालात म्हणून मी त्या रात्री तिकीट काढलं नाही.” यावर मला काही बोलता आलं नाही.

जिन्यातलं ते चप्पल गळणं कोणी मला त्याच दुपारी कळवलं असतं तर सहा-सात तास वाचले असते. त्याने फार फरक पडला असता असं नाही. पण मी आदल्या दिवशी गेलो असतो तर नळी टळली असती का, हा प्रश्न मी न्यूरॉलॉजिस्टना विचारला. त्यांनी ‘कदाचित’ म्हटलं आणि विषय बदलला.

परवा गेलो होतो. झोपाळा हलत होता, उजव्या पायाने. डाव्या पायात मागून पट्टा असलेली सँडल आहे. साधी चप्पल अजून गळते.